कराडच्या विक्रेत्याकडून ४८ हजारांचा श्रवणयंत्रांचा जोड घ्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७३ वर्षांचे, मुक्काम कराड. आपण स्वतः नोकरीनिमित्त पुण्यात. पुण्यातल्या एका साखळी दालनात त्यांची तपासणी झाली आणि दोन्ही कानांसाठी चार्जिंगच्या, २० चॅनेलच्या यंत्रांचा जोड १,९०,००० रुपयांना सांगण्यात आला. कराडमधला एक स्वतंत्र विक्रेता, जो तीन-चार कंपन्यांची यंत्रे ठेवतो, तो ८ चॅनेलचा जोड ४८,००० रुपयांना द्यायला तयार आहे. एवढी तफावत कशामुळे, स्वस्तातले घेतल्याने वडिलांचे नुकसान होईल का आणि गावातल्या माणसावर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. प्रश्नाबरोबर ऑडिओग्रामचे, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाचे, आकडे दिलेत हे फार बरे केले. ते नसते तर माझे उत्तर म्हणजे नाडी न पाहता दिलेला काढा ठरला असता.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी २२ वर्षे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून काम करत आहे. सुरुवातीची वर्षे रुग्णालयात आणि नंतर स्वतःच्या लहानशा क्लिनिकमध्ये, जिथे मीही यंत्रे विकतो. त्यामुळे स्वतंत्र विक्रेत्यांकडे माझा थोडा कल असणार, तेवढा वजा करून पुढचे वाचावे.

वडिलांच्या उजव्या कानाचे आकडे २५० हर्ट्‌झला २५ डेसिबल, ५०० ला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५, ४००० ला ६५ आणि ८००० ला ७५ असे आहेत, आणि डावा कान जवळपास याच वळणाचा आहे. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी आणि डेसिबल म्हणजे त्या पट्टीतला आवाज ऐकू यायला किती मोठा करावा लागतो ते; आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी. ५००, १००० आणि २००० या तीन आकड्यांची सरासरी साधारण ४२ येते, म्हणून अहवालात ‘मध्यम श्रवणदोष’ लिहिले आहे. मात्र या सरासरीत वडिलांची खरी अडचण दिसत नाही. त्यांचा आलेख डावीकडून उजवीकडे उतरत जातो, म्हणजे जाड आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येतात आणि बारीक, टोकदार आवाज गळून पडतात. मराठीतले स्वर आणि म, न, ल यांसारखे घोष वर्ण मुख्यतः खालच्या पट्टीत असतात, तर स, श, त, थ, क, फ यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या ध्वनीवरून. म्हणून ‘ताट’, ‘ताक’, ‘ताप’ आणि ‘तास’ हे चार शब्द त्यांच्या कानाला जवळजवळ एकच वाटतात. घरच्यांना वाटते की यांना सोयीचे तेवढेच ऐकू येते आणि त्यांना वाटते की हल्लीची मुले पुटपुटतात. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. मोठ्याने ओरडल्याने फारसा उपयोग होत नाही, कारण ओरडताना आपण स्वर मोठे करतो आणि हरवलेले व्यंजन मागेच राहते.

दिलासा देणारा आकडा दुसरा आहे. आवाज पुरेसा मोठा केल्यावर त्यांनी उजव्या कानाने ८४ टक्के आणि डाव्याने ८० टक्के शब्द ओळखले. याचा अर्थ, आवाज योग्य पट्टीत पुरवला तर त्यांचा कान आणि मेंदू त्यातून अर्थ काढू शकतात. हाच आकडा ४० टक्क्यांच्या आसपास असता तर दोन लाखांचे यंत्रही मर्यादितच उपयोगाचे ठरले असते, आणि मग मी आपल्याला वेगळेच उत्तर दिले असते.

आता किमतीकडे वळतो. अशा उतरत्या आलेखासाठी यंत्राने करायचे मूळ काम म्हणजे खालच्या पट्ट्यांना फारसा हात न लावणे, वरच्या पट्ट्या मोजून-मापून उचलणे आणि अचानक झालेला मोठा आवाज कानाला सोसेल इतक्या पातळीवर अडवणे. चॅनेल म्हणजे आवाजाचे किती पट्ट्यांमध्ये वेगवेगळे नियंत्रण करता येते ती संख्या. दोन-तीन चॅनेलच्या यंत्रात हा उतार नीट बसवता येत नाही, आठ चॅनेलमध्ये बहुतेक वेळा बसतो, आणि आठावरून वीसवर गेल्याने वडिलांना शब्द अडीचपट स्पष्ट ऐकू येतील असे मुळीच नाही. अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या ज्येष्ठांना मूलभूत आणि उच्च श्रेणीची यंत्रे आळीपाळीने वापरायला दिली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही प्रकारांनी फायदा झाला, पण महागड्या यंत्रांनी बोलणे समजण्यात लक्षणीय अधिक भर घातली असे दिसले नाही. दोन्ही यंत्रे काळजीपूर्वक बसवलेली होती, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट आहे आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मग वरचे दीड लाख नुसते हवेत जातात का? तसेही म्हणता येणार नाही. त्यात मोबाइलशी थेट जोडणी, चार्जिंगची पेटी, वाऱ्याचा आणि भांड्यांचा आवाज दाबण्याच्या अधिक चांगल्या सोयी, गर्दीत समोरच्याचा आवाज पकडण्याची थोडी अधिक क्षमता आणि दालनाचे भाडे, जाहिरात असे सगळेच येते. वडील रोज बैठका घेत असते किंवा हॉटेलच्या गलक्यात व्यवहार करत असते, तर मी ८० ते ९० हजारांपर्यंतचा जोड पाहा असे म्हटले असते. आपण लिहिल्याप्रमाणे त्यांचा दिवस सकाळचे फिरणे, घरातली माणसे, दूरदर्शनच्या बातम्या, देवळातले कीर्तन आणि महिन्यातून एकदा बँक असा जातो. या दिवसाला ८ चॅनेल पुरतात, पण दोन अटींवर: यंत्रात समोरून येणारा आवाज अधिक पकडणारा दिशादर्शक मायक्रोफोन असावा आणि यंत्रातूनच येणारी शिट्टी दाबण्याची सोय असावी. ४८ हजारांच्या जोडात या दोन्ही गोष्टी मिळायला हव्यात. त्या आहेत की नाही हे विक्रेत्याकडून मॉडेलच्या माहितीपत्रकावर दाखवून घ्या.

एका महागड्या यंत्राऐवजी दोन मध्यम यंत्रे घ्यावीत, हे मात्र मी ठामपणे सांगेन. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो, आणि कराडच्या बाजारपेठेत मोटारसायकल डावीकडून आली की उजवीकडून ते कळणे ही चैन नव्हे.

ज्या मुद्द्यावर खरेदी तरते किंवा बुडते, तो आता. श्रवणयंत्र चष्म्यासारखे नंबर सांगून घेता येत नाही. खोक्यातून काढलेले यंत्र संगणकाला जोडून त्यात ऑडिओग्राम भरला की कंपनीचे सॉफ्टवेअर एका कळीत ‘पहिली जुळणी’ करून देते. अनेक ठिकाणी काम इथेच संपते. ही जुळणी साधारणतः सौम्य ठेवलेली असते, जेणेकरून पहिल्याच दिवशी ग्राहकाने तक्रार करू नये, आणि नेमक्या ज्या वरच्या पट्ट्या वडिलांना हव्या आहेत त्याच तिच्यात कमी पडतात. शिवाय प्रत्येकाच्या कानाच्या नळीचा आकार वेगळा असल्याने संगणकाच्या पडद्यावर दिसणारा आवाज आणि पडद्याजवळ, म्हणजे कानाच्या पडद्याजवळ, पोहोचणारा आवाज यांत चांगलाच फरक पडू शकतो.

तो फरक मोजण्याची पद्धत आहे. अगदी बारीक, मऊ सिलिकॉनची नळी कानात पडद्यापासून काही मिलिमीटर अलीकडे ठेवायची, वर यंत्र बसवायचे, समोरच्या स्पीकरवरून बोलण्यासारखा ध्वनी सोडायचा आणि आत प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते रेषेच्या रूपात पाहायचे. संगणकाच्या पडद्यावर दुसरी एक रेषा असते, ती ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकॉस्टिक लॅबोरेटरीजने बसवलेल्या सूत्रानुसार या ऑडिओग्रामला किती आवाज हवा ते सांगणारी. दोन रेषा जुळेपर्यंत एकेका पट्टीत दोन-दोन डेसिबल वाढवत जायचे. माझ्याकडे अशाच उताराच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. यंत्र वर्षभर वापरूनही ‘उपयोग नाही’ अशी त्यांची तक्रार होती. नळी घालून पाहिले तर ३००० हर्ट्‌झच्या पुढे त्यांना हवे त्यापेक्षा १२ डेसिबल कमी मिळत होते. यंत्र तेच ठेवले, फक्त रेषा वर आणली. पाठ फिरवून मी ‘ताक’ म्हणालो आणि त्या ‘ताक’ म्हणाल्या, मग ‘तास’ म्हणालो तेव्हा त्यांनी विचारले, “हा शेवटचा स आधी कुठे होता?” त्या दिवशी मी त्यांना काहीच विकले नव्हते.

ही मोजणीची सामग्री महाग असल्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी ती असेलच असे नाही, आणि ती नाही एवढ्यावरून विक्रेत्याला बाद करू नये. तिच्या जागी यंत्र लावून आवाजबंद खोलीत पुन्हा घेतलेली श्रवणचाचणी आणि नेहमीच्या आवाजातली शब्दचाचणी चालू शकते. यंत्राशिवाय आणि यंत्रासह, असे दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा. जो विक्रेता हे करायला तयार होत नाही आणि “आता कसे वाटतेय, आजोबा?” एवढ्यावर काम आटोपतो, त्याच्याकडून फुकट मिळाले तरी घेऊ नका.

कराडच्या विक्रेत्याकडे गेल्यावर सर्वांत आधी तपासणी आणि जुळणी कोण करते ते विचारावे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे ऑडिओलॉजिस्टची नोंद असते आणि तिला क्रमांक असतो. तो भिंतीवर लावलेला किंवा अहवालावर छापलेला असायला हवा. दुकानाचा मालक वेगळा आणि ऑडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोन दिवस येणारा, अशी व्यवस्था लहान गावांत सर्रास असते आणि तिच्यात गैर काही नाही. वार मात्र विचारून ठेवा, म्हणजे वडिलांची फेरी फुकट जाणार नाही.

त्यानंतरचा प्रश्न कुलपाचा, आणि तो फारसे कोणी विचारत नाही. काही साखळी दालनांत विकली जाणारी यंत्रे त्याच साखळीच्या सॉफ्टवेअरने उघडतील अशी बंदिस्त केलेली असतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ मुंबईतल्या एका दालनातून घेतलेला सव्वादोन लाखांचा जोड घेऊन आले. मुलाची बदली झाली आणि ते गावी परतले होते. आवाज थोडा वाढवायचा एवढेच काम होते. माझ्याकडे त्या मूळ कंपनीचे सॉफ्टवेअर होते, केबल होती, तरीही पडद्यावर ‘हे यंत्र ओळखता येत नाही’ एवढीच ओळ येत राहिली. दहा मिनिटांच्या कामासाठी त्यांना आठ तासांचा प्रवास करावा लागला. म्हणून दोन्हीकडे, पुण्यात आणि कराडातही, हे यंत्र दुसऱ्या कोणत्याही शहरातल्या ऑडिओलॉजिस्टला उघडता येईल का, असे स्पष्ट विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. स्वतंत्र विक्रेत्याचे यंत्र सहसा खुले असते. त्याचा हा माझ्या मते सर्वांत मोठा गुण आहे, स्वस्ताईपेक्षाही.

बिलावर कंपनीचे नाव, मॉडेल आणि दोन्ही यंत्रांचे वेगवेगळे अनुक्रमांक लिहिलेले असावेत. हेच क्रमांक यंत्रावर बारीक अक्षरात कोरलेले किंवा छापलेले असतात. भिंग घेऊन पडताळून पाहा आणि कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून हमी नोंदली गेली आहे का ते विचारा. हमी कंपनीची आहे की दुकानाची, हा फरक शब्दाचा असला तरी दुरुस्तीच्या वेळी हजारांचा होतो. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, तेव्हा यंत्राच्या किमतीवर कोणी कर लावला तर तो काढायला सांगा. छापील किमतीवर ४० टक्के सूट असा फलक दिसला तर हुरळून जाऊ नये. या धंद्यात छापील किंमत सूट देता यावी म्हणूनच उंच ठेवण्याची रीत आहे. सूट बाजूला ठेवून हातात पडणारी किंमत, त्यात किती महिन्यांची जुळणी धरलेली आहे आणि त्यानंतर प्रत्येक भेटीचे किती पैसे, एवढेच विचारावे. मी स्वतः पहिल्या वर्षातल्या सर्व भेटी किमतीत धरतो आणि पुढे दर भेटीला ठरावीक रक्कम घेतो. ग्राहकाला हे आधी सांगितले की पुढे कटकट होत नाही.

खरेदीपूर्वी आठवडाभर नमुना यंत्र घरी नेऊ द्या असे म्हणून पाहा. पुष्कळ स्वतंत्र विक्रेते अनामत ठेवून देतात. दुकानाच्या शांत खोलीत प्रत्येक यंत्र उत्तम असते. खरी परीक्षा स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीशी आणि देवळातल्या झांजांशी.

या सगळ्याच्या आधीचे एक पाऊल आपल्या पत्रात दिसले नाही. वडिलांचे कान एखाद्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने आत डोकावून पाहिले आहेत का? मळाचा बोळा, पडद्याला भोक, कानातून पाणी येणे यांवर आधी उपचार लागतात. एका कानाला दुसऱ्यापेक्षा बरेच कमी ऐकू येणे, एकाच कानात सतत गुंजारव, चक्कर, ही लक्षणे असतील तर यंत्राची घाई करू नये. आणि कोणाचेही ऐकणे एकदोन दिवसांत अचानक गेले तर ती तातडीची बाब आहे; त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण औषधाचा उपयोग होण्याची खिडकी लहान असते. आपल्या वडिलांचे दोन्ही कान सारखे आहेत आणि उतारही वयोमानाचा दिसतो, पण मी आलेख वाचला आहे, कान पाहिलेला नाही.

सरकारी मदतीबद्दल आपण विचारले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा अधिक दोष असेल तर श्रवणदोषाचे प्रमाणपत्र मिळू शकते. वडिलांची सरासरी ४२ असल्याने तो मार्ग त्यांना लागू होणार नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली ६५ वर्षे आणि त्यावरील, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहाय्यक उपकरणांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे आणि श्रवणयंत्र त्यात बसते. उत्पन्न त्या मर्यादेत असेल तर तेवढा हातभार लागेल. ऑडिओग्रामबद्दलच शंका असेल तर मुंबईत वांद्रे रिक्लेमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तिथे किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात फेरतपासणी करून घ्यावी. ऑनलाइन मिळणाऱ्या हजार-दीड हजारांच्या ‘कानाच्या मशीन’चा विचार सोडून द्या. ती सगळे आवाज सरसकट मोठे करतात, आणि वडिलांना जे आधीच ऐकू येते तेच आणखी कर्कश करून देतील.

सेलचे की चार्जिंगचे, हा निर्णय वडिलांच्या बोटांवर सोपवा. कानामागच्या लहान यंत्रांत तपकिरी चिठ्ठीचा ३१२ नंबरचा सेल असतो, तो मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा. दिवसभर वापरला तर साधारण आठवडा टिकतो. दोन यंत्रे धरली तर वर्षाला शंभरावर सेल लागतात आणि चार-पाच हजारांचा खर्च येतो, जो दुकानात कोणी सांगत नाही. नारिंगी चिठ्ठीचा १३ नंबर थोडा मोठा असतो, हाताळायला सोपा आणि जवळपास दुप्पट टिकणारा. चिठ्ठी काढल्यावर सेल मिनिटभर उघड्यावर ठेवून मग यंत्रात घालावा, कारण तो हवेतल्या प्राणवायूवर चालतो आणि श्वास घ्यायला त्याला तेवढा वेळ लागतो. वडिलांना शर्टाची वरची गुंडी लावताना त्रास होत असेल तर कराडच्या विक्रेत्याकडे चार्जिंगचा प्रकार विचारा. जोडामागे आठ-दहा हजार वाढले तरी तो खर्च मला योग्य वाटतो.

पहिले पंधरा दिवस ते कुरकुर करतील. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा वाटतो, पंख्याची घरघर आणि वर्तमानपत्राची सळसळ असह्य होते. यंत्राच्या टोकाला भोके असलेला मऊ डोम, म्हणजे कानात बसणारी टोपी, बसवला तर मडक्याची तक्रार बरीच कमी होते. कृष्णाकाठच्या उन्हाळ्यात आणि घामात तो कानालाही सुसह्य असतो. पहिल्या आठवड्यात घरात दोन-तीन तास, मग दूरदर्शन, मग चार माणसांतली बैठक आणि सर्वांत शेवटी कीर्तन, असा क्रम ठेवावा. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे आणि सेलचे दार उघडे ठेवायचे. ‘यंत्र बंद पडले’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी निम्म्यांच्या टोकाची जाळी मळाने बुजलेली असते. ती बदलायला दोन मिनिटे लागतात आणि विक्रेता पायी जाण्याच्या अंतरावर असेल तर ती दोन मिनिटे खरोखर दोनच राहतात. पुण्याच्या दालनासाठी त्याच कामाला एक दिवस आणि एसटीचे तिकीट लागते.

तेव्हा माझे उत्तर असे की, नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्ट, खुले यंत्र आणि यंत्रासह घेतलेल्या चाचणीचा कागद, या तीन गोष्टी मिळत असतील तर कराडचाच जोड घ्यावा आणि उरलेले पैसे शिल्लक ठेवावेत. पाच-सहा वर्षांनी यंत्रे बदलावी लागतीलच. तपासणीला जाताना पुण्याचा ऑडिओग्राम बरोबर न्या, पण तो तिथली चाचणी संपल्यावरच दाखवा. दोन्ही आलेख १० डेसिबलच्या आत जुळले तर गावातल्या माणसाला काम येते हे आपल्याला तिथेच कळेल. आणि आईंना सोबत नेण्यास विसरू नका, कारण जुळणी करताना मी नेहमी घरातल्या माणसालाच बोलायला लावतो. वडिलांना ज्यांचा आवाज ऐकायचा आहे तो माझा नाही.